रेशमाने बांधलेला कांदळ

एका राज्यात, जिथे जमीन कुठे संपते हे ओहोटीला विचारूनच सांगावे लागे, आवडाई नावाची एक बाई कालवे काढून पोट भरत असे. वार्ता आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. सकाळची ओहोटी लागली होती. आवडाई आणि तिची शेजारीण चांगुणा खडकावर उकिडव्या बसून लोखंडी टोच्याने कालवांची तोंडे उघडीत होत्या. चांगुणा म्हणत होती की, लेक राजपुत्राच्या होडीचा तांडेल झाल्यापासून आवडाई टोचासुद्धा राणीसारखा दोन बोटांत धरते. आवडाई हसली. टोपली निम्मी भरली होती. तेवढ्यात वस्तीच्या बाजूने एक शिपाई चिखलातून चालत आला. त्याने जोडे हातात धरले होते. राजाचा शिपाई कुणासाठी जोडे काढत नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.

शिपायाने सांगितले ते एवढेच. राजपुत्र मणिभद्र आणि त्याचा तांडेल गोमा पहाटे ज्या होडीतून कांदळवनाच्या पलीकडे गेले, ती होडी परत आली होती. तिच्यात कुणी नव्हते.

आवडाईने हातातले कालव उघडून पुरे केले, ते टोपलीत टाकले, आणि मग ती उठली.

त्या किनाऱ्याची एक रीत होती. समुद्राने ज्याला नेले आणि परत दिले नाही, त्याच्या घरच्यांनी तिसऱ्या दिवशी ओहोटीला कांदळवनात जावे. कांदळ आपले बी सुटे टाकत नाही. ते फांदीवरच रुजते, शेवग्याच्या शेंगेसारखे लांब होते, आणि आपल्या पायावर उभे राहण्याजोगे झाले की मगच झाड त्याला सोडते. अशी एक शेंग उतरवून घ्यावी, चिखलात रोवावी, आणि गेलेल्याचे नाव एकदा मोठ्याने घ्यावे. त्यानंतर घरात त्याचे पान वाढत नसत.

अशी नावे रोवता रोवता खाडीच्या तोंडाशी अर्धा कोस वन झाले होते. त्यात बगळे राहत, ढोक राहत, आणि थंडीच्या दिवसांत परमुलखातले पाहुणे पक्षी उतरत. समुद्राचे उधाण गर्जत त्या वनात शिरे आणि मुळांमुळांतून वाट काढता काढता इतके दमे, की वस्तीच्या अंगणाशी पोचेपर्यंत पाय धुण्यापुरते उरे. म्हणून तिथे कुणी कधी बांध घातला नव्हता. मेलेली माणसे जिवंतांना राखतात, एवढे त्या लोकांना कळत होते, आणि ते बोलून दाखवायची त्यांना गरज वाटत नसे.

तिसऱ्या दिवशी आवडाईने वनात जाऊन एक शेंग उतरवली. ती चिखलाकडे वळली, तोच किनाऱ्यावर दवंडी पिटली गेली. राजा शंखपालाची आज्ञा होती की, त्या होडीतल्या कुणाच्याही नावाने झाड लावू नये. जो झाड लावील, तो राजपुत्र मेला असे म्हणतो. आणि राजपुत्र मेलेला नाही.

आवडाईने शेंग पदराखाली घरी आणली. मातीच्या हंडीत खाडीचा चिखल आणि खारे पाणी घातले, तीत शेंग उभी केली, आणि हंडी दाराशी ठेवली. त्या संध्याकाळी तिने दोघांपुरता भात टाकला.

राजाला कुणी सांगितले की, बुडालेले माणूस कधी कधी कांदळाच्या मुळांत अडकून राहते. मग राजाने वन तोडायला लावले. चाळीस दिवस कुऱ्हाडी चालल्या. प्रत्येक मूळ उकरून पाहिले गेले. मुळांखाली खेकडे निघाले, एक मोडके वल्हे निघाले, कुणा बाईचे एक जोडवे निघाले. मणिभद्र निघाला नाही. शेवटचे झाड पडले तेव्हा आकाश पाखरांनी काळे झाले, आणि मग मोकळे झाले. एकच म्हातारा ढोक मागे राहिला. तो शेवटच्या बुंध्यावर एका पायावर उभा राहिला आणि बोलला.

"राजा, तू मेलेल्यांची घरे मोडलीस आणि आमची मोडलीस. आता दर पुनवेच्या उधाणाला समुद्र जिवंतांचे एक घर नेईल. या चिखलात पाखरू पुन्हा घरटे बांधीपर्यंत हे थांबणार नाही."

पहिल्या पुनवेला वस्तीच्या टोकाचे घर गेले. राजा क्रूर नव्हता. त्याने अश्मनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावले. अश्मनाथ म्हणाला की, तो एका दिवसात दगडाची भिंत उभी करील. पण चुना कालवायला त्याला राजाच्या डोळ्यांतले पाणी लागेल, सगळे, आज असलेले आणि पुढे येणारे. राजाने ते आनंदाने दिले. मुलगा जिवंत आहे म्हणणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. चुन्यासाठी वस्तीतल्या घरोघरच्या कालवांच्या शिंपल्यांचे ढीग भट्टीत गेले. आजेसासवांच्या काळापासून साचलेले ढीग, घरांएवढे उंच. एका दिवसात भिंत उभी राहिली. त्या दिवसापासून राजाचे डोळे कोरडे झाले, आणि भिंतीच्या दगडांना मात्र उन्हाळ्यातही ओल असे.

भिंत मजबूत होती. लाट तिच्यावर आपटे, चिडून मागे फिरे, आणि फिरताना पायाखालचा चिखल ओढून नेई. मग तीच लाट भिंतीच्या टोकाला वळसा घालून दुप्पट जोराने वस्तीत शिरे. तीस घरांतली सव्वीस गेली. उरलेल्या चारांत पहिले घर चांगुणाचे होते आणि चौथे आवडाईचे.

तेव्हा आवडाई ढोकाकडे गेली. तो खाडीपलीकडच्या खडकावर राहत असे आणि कुणाशी बोलत नसे. ती दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिली. शेवटी ढोकाने एक डोळा उघडला.

"तुला शाप मोडायचा आहे, की घर वाचवायचे आहे?"

"घर."

"खरे बोललीस. शाप मोडायला निघालेली माणसे वाटेत दमतात. घर कशाला हवे?"

"गोमा आला तर त्याला दार सापडले पाहिजे."

ढोकाने दुसराही डोळा उघडला. मग त्याने तिला तीन कामे सांगितली. नदीकडून चिखल आणायचा. कालवांकडून त्यांचा शब्द आणायचा. आणि कांदळाचे बी आणायचे.

"बी कुठून आणू? वन तर उरले नाही."

"पहिली दोन कामे कर. ती झाली तर सांगेन. नाही झाली तर माझे बोलणे तरी वाचेल."

नदी खाडीच्या मुखाशी बसलेली असते. ती म्हातारी आहे, तिचे केस मातकट आहेत, आणि डोंगरातून आणलेला गाळ ती मांडीवर घेऊन असते. आवडाईने तिला वाकून नमस्कार केला आणि चिखल मागितला. नदी म्हणाली की, चिखल द्यायला तिची कधीच ना नव्हती. ती रोज ओंजळी भरभरून भिंतीच्या पायाशी टाकते, आणि लाट रोज तो उचलून नेते. पूर्वी मुळे तो धरून ठेवीत. आता धरायला कुणी नाही.

"लाटेला माझ्यापर्यंत येण्याआधी दमव," नदी म्हणाली. "मग माग. मांडी रिकामी करायला मीही बसलेच आहे. पाय दुखतात माझे."

त्या पुनवेला चांगुणाचे घर गेले. चांगुणा आपली चूल तेवढी उचलून आवडाईच्या पडवीत राहायला आली. म्हणाली, "मी काही फुकट राहणार नाही. रोज तुझ्या भाताला नावे ठेवीन." आणि तिने ठेवलीही. दोघींना पुरून एक वाटी भात रोज उरतो, हे मात्र तिने पाहिले आणि त्यावर ती काही बोलली नाही.

कालवांची राणी बाहेरच्या खडकाच्या पोटाशी राहते, जिथे वर्षातून एकदाच ओहोटी पोचते. ती ओहोटी आली तेव्हा आवडाई छातीभर पाण्यातून तिथे गेली. राणी टोपलीएवढी मोठी होती आणि तिचे तोंड बोटभर उघडे होते.

"तुझा हात मी ओळखते," राणी म्हणाली. "तीस वर्षे आम्हांला फोडलेस."

"होय."

"त्याचा राग नाही. खाणारा खातो. पण आमची पोरे कशावर बसतात, ठाऊक आहे?"

आवडाईला ठाऊक नव्हते. तीस वर्षांत तिने तो विचार केला नव्हता.

"आमच्या मेलेल्यांच्या शिंपल्यांवर बसतात. दुसऱ्या कशावर त्यांचा जीव बसत नाही. तुम्ही त्या शिंपल्यांचा चुना केलात. माझी लाखो पोरे पाण्यात भटकून मेली. शिंपले परत आणा. पोरे बसतील, पोरांवर पोरे बसतील, आणि लाटेला आडवी होईल अशी रांग मी तुम्हांला देईन. जे तीन वर्षांचे आहे ते तीन पंधरवड्यांत करीन. पण तोवर आमच्यातले एकही फोडायचे नाही."

आवडाईने शब्द दिला आणि शब्द घेतला. आता शिंपले कुठून आणावे, हा प्रश्न होता. ढीग सारे भट्टीत गेले होते. मग वाहून गेलेल्या घरांच्या बायकांनी आपापली जोती उकरली. पूर्वीच्या लोकांनी घर बांधताना जोत्यात शिंपले भरले होते. वर माती होती, म्हणून भट्टीवाल्यांना ते दिसले नव्हते. घरे गेली होती, जोती उरली होती. बायकांनी ते शिंपले जुन्या जाळ्यांत भरले, जाळ्यांची तोंडे शिवली, आणि ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात रांगेने मांडून ठेवले. आपल्याच घराचा पाया उपसून समुद्रात टाकताना काहींनी हात मागे घेतला. चांगुणाने सर्वांत आधी आपले जोते मोकळे केले. ती म्हणाली की, वर काही उरले नसेल तर खालचे राखून काय, त्यावर पापड वाळवायचे?

वस्तीची चूल त्या दिवसांत कशीबशी पेटली. कालवे खायची नव्हती, विकायची नव्हती. लोक सुकटीचे डोके चोखून पाणी पीत. दोन पुनवा गेल्या आणि दोन घरे गेली. पण जाळ्यांवर आधी खरखर आली, मग धार आली, मग पाण्याखाली खडबडीत, जिवंत अशी एक लांब पाठ वर आली. लाट तिच्यावर येऊन फुटू लागली. तिच्या आतले पाणी पहिल्यांदाच शांत झाले, आणि नदीने मांडीवरचा गाळ त्यात सोडला. भिंतीच्या आणि कालवांच्या मध्ये घोट्याएवढा चिखल साचला.

आता एकच घर उरले होते. ते आवडाईचे होते, आणि पुनव नऊ दिवसांवर होती.

ढोक म्हणाला, "बी राजाच्या अंगणात आहे. त्याने सगळे वन तोडले, एक झाड तोडले नाही. ते त्याने स्वतः लावले होते, त्याची राणी बुडाली तेव्हा. तोडण्याआधी मुळांसकट उचलून अंगणात नेले आणि खाडीचे पाणी पाटाने तिथे वळवले. त्या अंगणात राजाखेरीज कुणी जात नाही."

"मग मी कशी जाऊ?"

"दाराने. तू चोर थोडीच आहेस."

आवडाई दाराने गेली. पहारेकऱ्यांनी विचारले, कोण. तिने सांगितले की, ती तांडेल गोमाची आई. होडीची वार्ता आणणारा तो शिपाई त्यांच्यात होता. त्याने खाली पाहिले आणि दार उघडले.

अंगणात एकच झाड होते आणि झाडाखाली राजा बसला होता. आवडाईने झाडाकडे पाहिले आणि ती जागीच थांबली. फांद्या शेंगांनी वाकल्या होत्या. पण एकही शेंग खाली पडलेली नव्हती, कारण प्रत्येक शेंग रेशमी दोऱ्याने फांदीला बांधलेली होती. हजारो दोरे होते. काही शेंगा हिरव्या होत्या, काही तपकिरी पडल्या होत्या, काहींना बांधल्या जागीच पाने फुटून सुकून गेली होती.

"कुणी बांधल्या, महाराज?"

"मी," राजा म्हणाला. "जे सुटते ते जाते."

त्याचे डोळे कोरडे होते, वाळूसारखे. आवडाईने आपले मागणे सांगितले: नदी काय म्हणाली, कालवे काय म्हणाली, चिखल किती साचला, पुनव कधी आहे. राजाने सगळे ऐकून घेतले.

"बी देईन," तो म्हणाला. "पण माणिकाच्या नावाने एकही लागणार नाही. माझा मुलगा जिवंत आहे."

राजपुत्राला तो घरात माणिक म्हणत असावा. आवडाईने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली,

"मी रोज दोघांचा भात टाकते, महाराज."

राजाने तिच्याकडे पहिल्यांदा पाहिले. "म्हणजे तुलाही वाटते, ते येतील."

"भात उरतो. सकाळी तो मी माशांना घालते. अडीच वर्षे झाली. मासे धष्टपुष्ट झालेत."

राजा हसला नाही, पण त्याचा चेहरा हलला.

"तू तुझ्या लेकाचे रोप लावलेस?"

"आपली आज्ञा होती."

"आज्ञा नसती तर?"

 ती झाडाकडे वळली आणि हाताला आलेला पहिला दोरा सोडू लागली. गाठ बारीक होती, सुटता सुटेना. राजा उठला. गाठी त्याने मारल्या होत्या, त्या कुठून सुटतात हे त्यालाच ठाऊक होते. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दोघे दोरे सोडत होते. एकेक शेंग हातात आली की आवडाई ती टोपलीत निजवी. ज्या सुकून गेल्या होत्या त्या राजा बाजूला ठेवी, आणि त्यांच्याकडे पाहत राही. मध्येच तो म्हणाला की, मणिभद्राला पोहता येत नव्हते. आवडाई म्हणाली, गोमाला येत होते. बहुधा म्हणूनच तो परत आला नाही. एकट्याने तो आला नसता. राजाचा हात दोऱ्यावर थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सारी वस्ती चिखलात उतरली. ज्यांची झाडे तोडली गेली होती त्यांनी पुन्हा शेंगा रोवल्या आणि जुनी नावे पुन्हा घेतली. पणज्यांची नावे, ज्यांचे तोंड कुणी पाहिले नव्हते अशांची नावे. ज्यांची नावे कुणालाच आठवत नव्हती त्यांच्यासाठीही शेंगा रोवल्या, आणि त्या वेळी सगळे नुसते गप्प उभे राहिले.

भर दुपारी राजा आला. त्याने जोडे हातात धरले होते. चांगुणा पुटपुटली की, नेसूचे वर खोचा म्हणावे महाराजांना, खेकड्यांना राजा कळत नाही. राजाने ते ऐकले आणि निमूटपणे धोतर वर खोचले. तो घोट्यापर्यंत चिखलात गेला. त्याने एक शेंग रोवली. रोवून झाल्यावर तो वाकलेलाच राहिला, इतका वेळ, की लोक एकमेकांकडे पाहू लागले.

मग त्याने नाव घेतले. मोठ्याने नाही, पण वारा पडलेला होता, सर्वांना ऐकू आले.

भिंतीतून आवाज आला. दगडांतली ओल आटली, चुना सुटला, आणि राजाच्या डोळ्यांतले पाणी राजाकडे परत आले. तो चिखलात गुडघ्यांवर बसून रडला. भिंत त्याच्या मागे एकेक दगड करून खाली आली. तिचे दगड पाण्यात गेले आणि कालवांच्या पोरांनी ते चुन्यासकट आपले म्हटले. अश्मनाथाने आपली रिकामी कुपी उचलली आणि तो शेजारच्या राज्यात गेला. तिथेही राजे होते.

कांदळाने आपले काम लवकर केले. पुनवेपर्यंत रोपे कमरेएवढी झाली, त्यांना चहूकडून पाय फुटले, आणि चिखल त्यांनी धरून ठेवला. पुनवेच्या दिवशी उधाण आले. ते कालवांच्या पाठीवर फुटले, रोपांत शिरले, तिथे अडखळले, आणि उरलेले पाणी आवडाईच्या उंबऱ्याशी आले. उंबरा ओला झाला. हंडी तरंगली नाही. पाणी थोडे थांबले, मग मागे गेले.

सकाळी लोकांनी पाहिले, तर राजाने लावलेल्या रोपावर ढोकाने चार काड्या ठेवल्या होत्या. काड्या वेड्यावाकड्या होत्या. चांगुणा म्हणाली की, म्हाताऱ्याला घर बांधायची सवय सुटलेली दिसते. ढोक म्हणाला की, तिच्या चुलीपेक्षा ते बरे उभे आहे. तिसऱ्या दिवशी कुठूनशी त्याची मादी परतली, आणि त्या काड्यांवर एक निळसर अंडे दिसले. शाप सुटला.

राजाने आपली आज्ञा मागे घेतली. मोकळ्या झालेल्या जोत्यांवर त्याने घरे बांधून दिली, या वेळी समुद्राकडे थोडी पाठ करून. बी धरून ठेवणाऱ्या झाडाला दोरा बांधू नये, एवढा एक नवा नियम झाला. थंडीत पाहुणे पक्षी परत उतरले, आधी दोन, मग वीस, मग मोजता येईनात इतके. कालवे पुन्हा फोडली जाऊ लागली. पण शिंपले आता कुणी भट्टीत नेत नाही, जिथून आले तिथे परत टाकतात. राजा दर पुनवेला वनात येतो, मुलाच्या झाडापाशी आणि अंगणातून परत आणून लावलेल्या राणीच्या झाडापाशी थोडा वेळ उभा राहतो, आणि परत जातो.

आवडाईचे घर तिथेच आहे. चांगुणा आपल्या नव्या घरी गेली आहे, तरी भाताला नावे ठेवायला येते. आवडाई अजून दोघांपुरता टाकते. दाराशी हंडी आहे. तिच्यातल्या शेंगेला सहा पाने फुटली आहेत आणि मुळांनी हंडीला आतून एक चीर पाडली आहे. वनात तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे, राजपुत्राच्या झाडाच्या उजव्या अंगाला. गोमाचे रोप लावायचे राहिले आहे.